टायनीचे ड्रायव्हरकाका

ड्रायव्हरकाकांना कुत्री आवडत नसत. हे त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं, पुढे तीन महिने रोज सकाळी माझ्या कुत्र्याबरोबर वाळवंटात हिंडताना सांगितलं, आणि भारतात परत निघाले त्या दिवशीही सांगितलं. "पोरी, आपल्याले कुत्रं जमत नाही. खोटं काहून बोला?" त्यांनी टायनीला कधी थोपटलं नाही, कधी 'गुड बॉय' म्हटलं नाही, कधी गळ्याखाली खाजवलं नाही. आणि तरीही टायनी आज माझ्या घरात पाय पसरून झोपलेला आहे तो केवळ त्यांच्यामुळे. काका वारले त्याला आता वर्ष झालं. त्यांच्याबद्दल कुणीतरी लिहायला हवं, आणि त्यांच्या घरच्यांपेक्षा मी जास्त रिकामी आहे.

चँडलरमधल्या आमच्या अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये निम्मी वस्ती चिप बनवणाऱ्या कंपनीतल्या आपल्या लोकांची. ॲरिझोनाचा उन्हाळा सरला की सगळ्यांचे आईवडील भारतातून येतात आणि संध्याकाळी स्विमिंग पूलभोवती फेऱ्या मारतात. तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या फराळाला सगळे वडील आपापली ओळख करून देत होते. कुणी बँकेतून रिटायर झालेले, कुणी प्रिन्सिपॉल. माझ्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या निखिलचे वडील तेव्हा नुकतेच आले होते. निखिल म्हणाला, "बाबा ट्रान्सपोर्टमध्ये होते." काकांनी हातातली चकली खाली ठेवली. "ट्रान्सपोर्टमधी सामान असते बापा. मी ड्रायव्हर होतो. लाल डबा. अमरावती-चिखलदरा, बत्तीस वर्षं." निखिल जरा ओशाळला. त्या संध्याकाळपासून ते सगळ्यांचे ड्रायव्हरकाका झाले आणि त्यांना ते नाव मनापासून आवडलं.

आता टायनीबद्दल. त्याचं नाव मी ठेवलेलं नाही, मला ते कुत्र्यांच्या शेल्टरमधून आयतं मिळालं. ठेवणारा विनोदी असावा, कारण टायनीचं वजन चाळीस किलो आहे आणि मागच्या पायांवर उभा राहिला की तो माझ्या खांद्यावर हनुवटी ठेवतो. दोन घरांनी त्याला नेऊन परत केलं होतं. माझंही लग्न तेव्हा नुकतंच मोडलं होतं, त्यामुळे परत केलेल्यांबद्दल मला साहजिकच जिव्हाळा वाटला. घरी मांजरासारखा असलेला हा प्राणी दाराबाहेर पडला की मात्र त्याच्या अंगात यायचं. दुसरा कुत्रा दिसो, सायकल दिसो, छत्री दिसो, तो मला ओढत, गुरगुरत, पट्ट्याला लोंबकळत पुढे झेपावायचा.

यावर मी जे केलं ते आपली माणसंच करू शकतात. कुणाला आपला उपद्रव नको, कुणी काही बोलायला नको, म्हणून मी त्याला माणसांपासून लपवलं. समोरून शेजारी आला की मी टायनीला घेऊन पार्क केलेल्या गाडीमागे खाली बसायचे. कोथरूडमधल्या चाळीस वर्षं जुन्या सोसायटीच्या सेक्रेटरीची मुलगी मी, गाडीच्या टायरपाशी दबा धरून बसलेली. वर्षभरात टायनीला एकच गोष्ट पक्की कळली, की माणूस दिसला म्हणजे काहीतरी भयंकर होणार आहे. त्याची तरी काय चूक होती?

दिवाळीनंतर कॉम्प्लेक्सच्या ऑफिसचं पत्र आलं. तिसरी तक्रार होती. जानेवारी संपायच्या आत मान्यताप्राप्त ट्रेनरचं सर्टिफिकेट आणा, नाहीतर कुत्रा इथे ठेवता येणार नाही. शेल्टरला फोन केला तेव्हा तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली की तिसऱ्यांदा परत आलेल्या मोठ्या कुत्र्यांना घर मिळणं अवघड असतं. पुढे काय होतं ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. ट्रेनरची तारीख मिळाली जानेवारीतल्या शेवटच्या शनिवारची.

दुसऱ्या दिवशी दार वाजलं. आत टायनीने आकांत मांडला होता. बाहेर काका कानटोपी घालून, दाराकडे खांदा करून, रस्त्याच्या कडेला बस येण्याची वाट पाहत असावेत तसे उभे होते. "तुले पत्र आलं म्हन्ते," ते म्हणाले. "तक्रार आमच्या घरून गेली हाय. सुनेनं केली. तिची चूक नाही, तिच्या कडेवर लेकरू असते, ह्या जनावराचं तिले लय भेव वाटते. पन कुत्रं गेलं तं त्याचं खापर आमच्या घरावर. म्हनून आलो." मी म्हटलं, "काका, तुम्हाला कुत्र्यांचं कळतं?" "नाही. मले गाडीचं कळते. तुले गाडी येत नाही, हे मी बाल्कनीतून रोज पाहून रायलो. तू स्टेअरिंग आवळून धरतं, म्हंजे तुहा तो पट्टा."

त्यांच्या म्हणण्याप्रमाणे कॉम्प्लेक्समध्ये शिकण्यात अर्थ नव्हता. शिकाऊ माणसाने बाजारात गाडी घालू नये. म्हणून मी दहा मैलांवरच्या टेकड्यांतली एक ट्रेल शोधली. सकाळी सातला तिथे गर्दी नसते, नुसते हात वर करून उभे असलेले उंच निवडुंग, खाली वाळू आणि मधून जाणारी पाऊलवाट. माझ्या गाडीत काका पुढे बसत, टायनी मागे, आणि प्रत्येक सिग्नलला काकांचा उजवा पाय पायाखालचं मॅटिंग दाबून धरी. बत्तीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला इथे लायसन्स नव्हतं, आणि ते त्यांना आतून फार लागायचं. वरवर मात्र ते माझ्या गाडीला नावं ठेवत. "क्लच नाही, गियर नाही. हे तं झोपाळ्यावर बसनं झालं."

ट्रेलच्या सुरुवातीला एक बोर्ड आहे. चढण चढणाऱ्याला आधी वाट द्या, असं त्यावर लिहिलंय. मी तो वाचून दाखवला तेव्हा काकांचा चेहरा गावचं माणूस भेटल्यासारखा उजळला. "म्हंजे हा घाटाचाच नियम हाय!" पुढचं सगळं शिक्षण त्या एका नियमावर झालं. समोरून कुणी दिसलं की काका म्हणायचे, "साइडले घे." आम्ही वाट सोडून पाच-सात पावलं आत जायचो आणि उभे राहायचो. टायनी भुंकायचा, मी शरमेने मेल्याहून मेल्यासारखी व्हायचे, काका स्थितप्रज्ञ. समोरचा निघून गेला की पुन्हा वाटेवर. दुसऱ्या आठवड्यात सात पावलांची सहा झाली. "घाटात साइड देनारा लहान होत नाही," ते सांगत. "ज्याले आपली गाडी किती रुंद हाय ते माहीत असते, तोच साइड देते."

वळणावरची त्यांची पद्धत तर त्या टेकड्यांमध्ये प्रसिद्ध झाली. पलीकडचं दिसत नाही अशा प्रत्येक वळणाआधी काका थांबत, छाती भरून श्वास घेत आणि ओरडत, "कमिंऽऽग!" पहिल्यांदा मी इतकी दचकले की टायनी माझ्यावर भुंकला. मी म्हटलं, "काका, इथे असं कुणी ओरडत नाही." "मंग ते येऊन धडकत असन," काका म्हणाले. पण खरंच, पलीकडच्या माणसाला आधी कळायचं, तो जपून यायचा, आणि टायनीला कुणीही अचानक भेटेनासं झालं. तिसऱ्या आठवड्यात रोजचे फिरणारे म्हातारे वळणाआडून "थँक यू!" असं उलट ओरडू लागले. काका मग मान डोलवत. त्यांच्या सबंध अमेरिकावारीत इंग्रजीतून एवढाच संवाद झाला, पण तो रोज झाला.

चालताना ते फार बोलत नसत, आणि बोलले तर एकदम मर्मावर बोट. एकदा मी म्हटलं की टायनीला लहानपणी माणसांची सवयच झाली नाही, ट्रेनिंगच्या पुस्तकात असं लिहिलंय. काका म्हणाले, "याले मानसं माहीत नाहीत, कारन तुले मानसं नको हायेत. तू कोनाच्या घरी जातं? कोन तुह्या घरी येते?" मला राग आला. घरी येऊन मोजलं, तर घटस्फोटानंतर माझ्या घराचा उंबरा ओलांडून आत आलेली माणसं दोनच, एक प्लंबर आणि एक काका.

डिसेंबरात माझी मस्ती मला नडली. टायनी सुधारत होता आणि मला आमच्या त्या बाजूला उभं राहण्याचा कंटाळा आला होता. दरवेळी आम्हीच का? वाट काय त्यांच्या मालकीची आहे? पुण्याचं रक्त असं अवेळी उसळतं. समोरून एक बाई छोटासा पांढरा कुत्रा घेऊन येत होत्या. काका म्हणाले, "साइडले घे." मी नाही घेतलं. टायनीने झेप घेतली, मी गुडघ्यांवर आपटले, पट्टा हातातून सुटला, आणि बाईंनी आपला कुत्रा उचलताच टायनी वळून थेट चोयाच्या झुडपात शिरला. चोया म्हणजे एक निवडुंग, ज्याचे काटेरी गोळे नुसता वारा लागला तरी अंगाला चिकटतात. दोन गोळे पंज्याला, एक नाकाशेजारी. टायनी जो किंचाळला, तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

त्या बाई भल्या होत्या. आपला कुत्रा काखेत धरून लांबूनच म्हणाल्या, हात लावू नका, कंगवा हवा, कुणाकडे कंगवा आहे का? माझे केस बॉयकट, बाईंच्या डोक्यावर टोपी. ज्यांच्या डोक्यावर मोजून चाळीस केस होते त्या काकांनी शर्टाच्या खिशातून कंगवा काढला. मी टायनीचं तोंड धरलं. काका गुडघे मोडून वाळूत बसले, कंगव्याचे दात गोळ्याखाली सरकवले आणि एका झटक्यात तो उडवला. मग दुसरा, मग नाकाजवळचा. चिमटीने बारीक काटे काढताना त्यांनी टायनीचा पंजा आपल्या मांडीवर घेतला होता. अर्धा तास ते त्याच्याशी अखंड बोलत होते, "झालं, झालं, एकच रायला." मी नंतर त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "गाडी बंद पडली तं बोनेट उघडा लागते. त्यात आवडायचं काय?"

मी मात्र रडत होते. म्हटलं, "काका, नाही जमणार. सोडून देते." त्यांनी कंगवा पँटीला पुसला आणि परत खिशात ठेवला. "बत्तीस वर्षांत तीनदा माही गाडी नालीत उतरली. मंग काय केलं? पॅसेंजर उतरवले, गाडी काढली, पॅसेंजर बसवले, निंगालो. चिखलदऱ्याले लोकं वाट पाहून रायले असते. उठ." मी उठले. दुसऱ्या दिवशी टायनी लंगडत होता, म्हणून आम्ही फक्त पहिल्या वळणापर्यंत गेलो, पण गेलो.

परीक्षेच्या शनिवारी ट्रेलवर जत्रा होती. ट्रेनरबाई उंच, काटकुळ्या, हातात क्लिपबोर्ड. काकांना बरोबर यायची परवानगी मिळाली नाही. ते सुरुवातीच्या बाकावर कानटोपी घालून बसले आणि मला एवढंच म्हणाले, "हात ढिला ठेव." पहिली दहा मिनिटं ठीक गेली. मग ते मोठं वळण आलं. मी थांबले. टायनीने वर माझ्याकडे पाहिलं. पाठीमागे ट्रेनरबाई, पुढे काही दिसत नाही, आणि माझ्या घशातून आवाज फुटेना. इतके दिवस ओरडण्याचं काम काकांचं होतं. मी तर गेली दोन वर्षं ऑफिसच्या कॉलवरसुद्धा म्यूटवर होते. शेवटी डोळे मिटले आणि ओरडले, "कमिंऽऽग!" इतक्या जोरात, की ट्रेनरबाईंच्या हातातलं पेन पडलं. पलीकडून उत्तर आलं, आणि मग दोन माणसं आली, बरोबर एक वासराएवढा कुत्रा. मी साइडला घेतलं. टायनीच्या पाठीवरचे केस उभे राहिले. त्याच्या छातीत गुरगुर सुरू झालेली मला पट्ट्यातून कळत होती. पण तो जागचा हलला नाही. ते गेले, गुरगुर थांबली, आणि टायनीने एवढ्या जोराने अंग झाडलं की जणू आंघोळ करून आला असावा.

मी कागद घेऊन बाकापाशी परत आले तेव्हा काकांनी विचारलं नाही. टायनीच्या शेपटीकडे पाहून म्हणाले, "झालं नं? चाल, चहा पाज."

दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी बाराच्या सुमारास दार वाजलं. काका सोवळ्यासारखा पांढरा पंचा गुंडाळून उभे होते, हातात कागदी ताट, त्यात भात, कढी, वडा, खीर. मागे निखिल. काका म्हणाले, "आज आमच्या मंडळीचं वर्षश्राद्ध. बाल्कनीत तासभर घास ठेवला, कावळा फिरकला नाही. टेकडीवर डोमकावळे हायेत, पन तिथं बोर्ड हाय, पाखराले खाऊ घालू नका म्हनून. बोर्ड हाय म्हंजे नाही. पन घास जसा कावळ्याचा असते, गाईचा असते, तसा कुत्र्याचाही असते. तुह्याकडं कुत्रं हाय." मग म्हणाले, "हिले कुत्र्याचा लय लळा. मी ड्यूटीवरून येऊन पाहो, तं माह्या वाट्याची पोळी गल्लीतल्या कुत्र्याच्या तोंडात. यावरूनच आमची भांडनं."

ते ताट ठेवायला वाकले तेव्हा निखिल माझ्या कानाशी हळूच बोलला. "बाबांचं तिकीट जानेवारीच्या सुरुवातीचं होतं. आईचं वर्षश्राद्ध घरीच करायचं होतं त्यांना. सगळ्या गावाला जेवायला बोलावून ठेवलं होतं. तुझ्या टेस्टची डेट कळली आणि मला म्हणाले, तिकीट चेंज कर. तुला सांगायचं नाही अशी तंबी होती." मी काकांकडे पाहिलं. ते टायनीसमोर मांडी घालून बसले होते. टायनीने ताट हुंगलं आणि माझ्याकडे पाहत थांबला. काका त्याला म्हणाले, "खा." तो खाऊ लागला. भात, कढी, मग वडा. काकांनी चाळीस किलोच्या त्या कुत्र्याला हात जोडले आणि पुष्कळ वेळ तसेच बसून राहिले. "हिच्या मनात काही रायलं नसन," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते आणि ते त्यांनी लपवले नाहीत. वर बाल्कनीतून त्यांची सून प्राजक्ता वाकून पाहत होती. ती खाली आली नाही.

त्या आठवड्यातच काका परत गेले. पुढे दोन वर्षं निखिलच्या फोनवरून व्हिडिओ कॉल व्हायचे. "गाडी कशी हाय?" ते विचारायचे, आणि ते टायनीबद्दल आहे हे आम्हा दोघांना कळायचं. गेल्या वर्षी झोपेतच गेले. मला तिथे जाता आलं नाही. मी त्या दिवशी ट्रेलवर गेले, सगळी वळणं ओरडत पार केली आणि गाडीत बसून पोटभर रडले. सख्ख्या काकासाठी मी एवढी रडले नव्हते, हेही सांगून टाकते.

परवा त्यांचं वर्षश्राद्ध झालं. निखिल त्यासाठी अमरावतीला गेला होता, प्राजक्ता मुलाच्या शाळेमुळे इथेच राहिली होती. बाराच्या सुमारास दार वाजलं. दारात प्राजक्ता, हातात ताट. ही बाई टायनी दिसला की आजही लिफ्टने जाते. मी म्हटलं, "दे, मी ठेवते." ती म्हणाली, "नको. मीच ठेवणार." ती वाकली. टायनीवरची नजर न काढता ठेवताना ताट कललं आणि खीर उंबऱ्यावर सांडली. टायनीने भात खाल्ला, वडा खाल्ला, मग उंबऱ्यावरची खीर चाटली. प्राजक्ता मागे सरकली नाही.

"बाबांना वडे फार आवडायचे," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. मग मलाही. दोघी दारात उभ्या राहून रडलो. थोड्या वेळाने मी म्हटलं, "आत ये ना, चहा टाकते." टायनी पोट भरल्यामुळे नेमका पॅसेजमध्ये आडवा पसरला होता, भिंतीपासून भिंतीपर्यंत. मी आत जाऊन आधण ठेवलं आणि साखरेचा डबा सापडेना म्हणून हाक मारली. प्राजक्ताने साडीच्या निऱ्या एका हाताने वर धरल्या आणि ती टायनीला ओलांडून साखर शोधायला स्वयंपाकघरात आली.